ती तेलाची बाटली आधी फेका, मग बाकीचं बोलू

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीत टॉप फ्लोअरला राहतो, सोसायटीने गच्चीचा एक कोपरा झाडांसाठी दिलाय. दोन कुंड्यांनी सुरू केलं होतं, आता जंगल झालंय. पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, ओव्याची पानं, कढीपत्त्याचं झाड, तुळस, हळद, शिवाय मुलाने हौसेने आणलेलं बेसिल आणि रोजमेरी. येतं तेव्हा ढीगभर येतं, संपतच नाही. गणपतीनंतर सगळं कापून उन्हात वाळवून बरण्या भरल्या, तर अर्ध्या बरण्यांना नुसता गवताचा वास आणि पुदिन्याच्या बरणीत पांढरं काहीतरी दिसतंय. सासूबाई म्हणतात ऊन दाखव, जाईल. कोथिंबीर फ्रीजमध्ये चार दिवसांत चिकट होते, बेसिल एका रात्रीत काळं पडलं. एका रीलमध्ये बघून बेसिल आणि लसूण तेलात घालून बाटली भरली, ती तीन आठवडे ओट्यावर आहे, दिसते मस्त, मुलं पास्त्यावर घालायला मागतायत. आणि डिसेंबरमध्ये लेकीकडे न्यू जर्सीला जायचंय, तिच्यासाठी कढीपत्ता कसा वाळवून नेऊ?

– वैतागलेली माळीणबाई

उत्तर:

माळीणबाई, बाकी सगळं नंतर. आधी उठा आणि ती तेलाची बाटली झाकण न उघडता, आहे तशी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. वास घेऊन बघू नका, बोट लावून चाखून तर मुळीच बघू नका. मुलांना सांगा पास्ता आज बटरवर.

नुसतं फेका म्हटलं तर तुमचा जीव व्हायचा नाही (चांगलं तेल गेलं ना, कळतंय मला), म्हणून कारण सांगते. लसूण जमिनीत वाढतो, मातीत बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते लसणाला चिकटून घरात येतात. एरवी ते काही करत नाहीत, आपण रोज खातोच लसूण. पण हा जंतू वाढतो हवा नसेल तिथे. लसूण तेलात बुडवला की हवा बंद, लसणात आणि बेसिलच्या पानात पाणी असतंच, आंबटपणा काही नाही आणि ओट्यावर आपल्याकडची गरमी, म्हणजे त्याला जे जे लागतं ते सगळं आपण बाटलीत भरून दिलं. मग तो जे विष तयार करतो त्याला वास नाही, चव नाही, तेलाचा रंगसुद्धा बदलत नाही, म्हणून "दिसते मस्त" याला काही अर्थ नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये असाच तेलातला लसूण फ्रीजबाहेर ठेवला होता, ३६ लोक आजारी पडले. साधं पोट बिघडणं नव्हतं ते, या विषाने डोळ्यांना दोन दोन दिसतं, गिळता येत नाही, श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. रीलवाल्यांना याचं काय, त्यांना बाटली उन्हात धरून शूट करायची असते.

आता तुम्ही म्हणाल की लसणाचं लोणचं वर्षभर बाहेर असतं त्याचं काय. लोणच्यात लिंबाचा रस नाहीतर कैरी असते, मीठ दणकून असतं. आंबटपणा पुरेसा असला, म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असला, की हा जंतू वाढू शकत नाही. लसणाची तिखट कोरडी चटणी टिकते कारण तिच्यात पाणी नसतं. आपल्या आज्यांनी जंतूंची नावं ऐकली नव्हती पण आंबट, खारट आणि कोरडं या तीन गोष्टी सोडून त्यांनी काही बाहेर ठेवलं नाही. आणि "तेल कडकडीत तापवून ओतलं तर?" हा प्रश्न पण येणारच, तर नाही, त्याने होत नाही. हे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत आणि पाकळीच्या आत पाणी आहे तोवर आतलं तापमान त्याच्या वर जात नाही.

तसं तेल आवडत असेल तर छोट्या वाटीत करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनतीन दिवसांत संपवा. जास्त करायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजर, तिथे काही वाढत नाही. आणि दिवाळीत कोणाला बाटली भरून द्यायचीच असेल तर तेलाऐवजी व्हिनेगरमध्ये बेसिल घाला, ते आंबट असल्याने चालतं आणि सॅलडवर छान लागतं.

दुसरी फेकायची गोष्ट म्हणजे ती पांढरं दिसणारी पुदिन्याची बरणी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की उन्हाने वरची बुरशी वाळून झडेल, पण काही बुरशा जे विष पानात सोडतात ते उन्हाने जात नाही. एवढा भाग काढून बाकीचं वापरू असंही नको, कारण चुरा सगळीकडे मिसळलेला असतो. पुदिना परत येतो हो, तण आहे ते, तुम्ही नको म्हटलं तरी येईल.

आता मूळ मुद्दा. तुम्ही नऊ झाडांना एकच न्याय लावलात, सगळं कापलं, सगळं वाळवलं. तिथेच सगळं बिघडलं. पानाचा वास म्हणजे पानातलं तेल असतं आणि प्रत्येक पानात ते वेगळं. रोजमेरी, गवती चहा, पुदिना, तुळस यांचं तेल पान वाळल्यावरही बऱ्यापैकी टिकून राहतं. कोथिंबीर आणि कढीपत्त्याचं पाण्याबरोबर उडून जातं, मागे उरतो तो हिरवा कागद, तुम्हाला ज्या बरण्यांतून गवताचा वास येतोय त्या बहुतेक याच दोघांच्या असणार, बघा. म्हणजे तुमच्या हातात दोष नव्हता, वाळवायला घेतलेलं पान चुकीचं होतं.

तर वाळवायचं फक्त त्या चौघांना, आणि ते सुद्धा भाद्रपदात नाही. गणपतीत मुंबई-ठाण्याकडे हवा इतकी दमट असते की टॉवेल वाळत नाहीत, पान काय वाळणार, बाहेरून कुरकुरीत लागतं आणि देठात ओल राहते, तीच बरणीत बंद झाली की बुरशी. आता ऑक्टोबरचं ऊन पडलंय, पुढचे तीनचार महिने वाळवायला चांगले आहेत. पण उन्हात ठेवू नका! पापड, कुरडया, मिरच्या उन्हात, पानं सावलीत. उन्हाने रंग उडतो आणि ज्या तेलासाठी आपण हा खटाटोप करतोय ते गच्चीवरच उडून जातं. आदल्या संध्याकाळी झाडावरच पाण्याने धुवून घ्या, सकाळी दव सुकलं की ऊन तापायच्या आत कापा, आणि हॉलमध्ये पंख्याखाली जुन्या सुती साडीवर एकच थर पसरा. दिवसातून एकदा हलवा. पान मुठीत धरलं की चुरा व्हायला पाहिजे आणि देठ काटकन मोडायला पाहिजे, वाकला तर अजून वेळ आहे. गवती चहा मात्र आधी कात्रीने बोटभर तुकडे करून मग पसरा, लांब पात्या आतून ओल्या राहतात.

याहून एक सोपी गोष्ट, तुळस सोडून बाकीची फ्रीजमध्येच वाळवा. ताटलीत कागद, त्यावर पानं, वर काही झाकू नका, आणि विसरून जा. फ्रीजची हवा कोरडी असते, आठवडाभरात पानं हिरवीगार वाळलेली मिळतात, पावसाळ्यात तर हाच एक मार्ग. फक्त शेजारी कापलेला कांदा नको, नाहीतर चहाला त्याचा वास.

बरणीत भरल्यावर पहिला आठवडा रोज बरणी उजेडात धरून बघा. काचेला आतून दमट धुकं दिसलं की ओल राहिली आहे, परत बाहेर काढा. पानं अख्खी भरा, चुरा वापरताना हातावर करा, आधी केलात की वास आधीच गेला. आणि सगळ्यांच्या घरी असतं तसं ते मसाल्याचं रॅक गॅसच्या बरोबर वर असेल तर या बरण्या तिथे नको, उष्णता आणि वाफ दोन्ही तिथेच. अजून एक, शिजणाऱ्या पातेल्यावर बरणी उपडी करून झटकायची सवय आपल्या सगळ्यांना असते, त्याने वाफ बरणीत शिरते आणि महिन्याभरात गोळा होतो. हातावर घ्या मग घाला. साधारण वर्षभर वापरा, पण सहा महिन्यांनंतर वास घेऊन बघा, वास नाही तर ठेवून काय करणार. मार्करने तारीख लिहा, नाहीतर दोन वर्षांनी ही तुळस का पुदिना यावरून घरात वाद.

वाळलेला पुदिना काय करायचा हे विचारलं नाहीत पण सांगते, कारण बरण्या भरल्या जातात आणि वापरल्या जात नाहीत हा दुसरा अर्धा प्रॉब्लेम. भाजलेलं जिरं, काळं मीठ, थोडं साधं मीठ आणि वाळलेला पुदिना एकत्र वाटून ठेवा. ताकात, काकडीवर, पेरूवर, उकडलेल्या मक्यावर, एकदा डब्यात हे असलं की पुदिना कधी संपला कळत नाही. वाळलेलं पान ताज्यापेक्षा तीव्र असतं, जिथे तीन चमचे चिरलेला ताजा लागतो तिथे एक चमचा वाळलेला पुरे.

आता फ्रीजरवाले. कढीपत्ता पहिला. डहाळी धुवायची, पंचावर पूर्ण कोरडी करायची, पानं ओरबाडून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजरमध्ये. झालं. वितळवायचा नाही, फ्रीजरमधून थेट फोडणीत, फक्त हात लांब ठेवा कारण बर्फाचा कण असला तर तेल जोरात उडतं. रंग थोडा गडद होतो पण वास वाळलेल्यापेक्षा कितीतरी पटीने राहतो. धुताना पान उलटून बघा, गच्चीवरच्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या हमखास असतात, लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू यावर पण अंडी घालतं. अळी मारायला कडूनिंबाचं तेल फवारलं असेल तर काही दिवस ती पानं तोडू नका. आणि कढीपत्ता एकेक पान खुडून घेऊ नका, फांदीचा शेंडाच कापा, मग खालून दोनतीन फांद्या फुटतात आणि झाड बांबूसारखं उंच न जाता झुडूप होतं.

कढीपत्ता खूपच झाला तर फ्रीजरच्या नादी न लागता चटणी करा. याला मी सगळ्यात जास्त मार्क देते, कारण इथे पान मुद्दाम तेलात परतून कोरडं करतो, वास जायच्या आत तेल आणि तीळ त्याला धरून ठेवतात. दोन वाट्या घट्ट भरून पानं, धुवून खडखडीत कोरडी. लोखंडी कढईत एक चमचा तेल, मंद गॅसवर पानं कुरकुरीत होईपर्यंत परता, घाई केली की कडू होतात. ती काढून त्याच कढईत पाव वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, पाचसहा सुक्या मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा, खोबरं तर नजर हटली की करपतं. पूर्ण गार होऊ द्या, मग मीठ, एक चमचा आमचूर, चिमूटभर साखर घालून जाडसर वाटा. गरम असताना मिक्सर फिरवला तर खोबऱ्याला तेल सुटून लगदा होतो. कोरड्या बरणीत दोनतीन आठवडे बाहेर आरामात राहते, ओला चमचा घातला नाही तर. गरम भात-तूप, भाकरी, डोसा, काहीही. ज्यांची मुलं पोह्यातून कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवतात ती मुलं ही चटणी मागून खातात, बघा करून.

कोथिंबिरीचं फ्रीजमध्ये चिकट होणं म्हणजे बाहेरचं पाणी. धुवून ठेवत असाल तर बंद करा, वापरताना धुवा. पिवळी-कुजकी पानं आधीच निवडून टाका कारण एक कुजलं की बाजूचं कुजतं, मग सुती कापडात नाहीतर टिश्यूमध्ये सैल गुंडाळून डब्यात, दोनतीन दिवसांनी कापड ओलसर वाटलं की बदला. मुळासकट उपटली असेल तर ग्लासात थोडं पाणी, त्यात मुळं, वरून सैल पिशवी आणि ग्लास फ्रीजमध्ये उभा, रोज पाणी बदलायचं. दोन आठवडे निघतात. सफरचंद-केळ्यांपासून लांब ठेवा, पिकणारी फळं जो वायू सोडतात त्याने पानं पिवळी पडतात.

पण घरची कोथिंबीर उपटायचीच कशाला? बाहेरच्या काड्या कात्रीने कापा, मधला कोंब ठेवा, दोनतीन वेळा परत येते. आणि सगळे धने एकदम पेरू नका. धणा हलका रगडून दोन करा, दर पंधरा दिवसांनी एक छोटी कुंडी पेरा, म्हणजे ढीगभर एकदम येणार नाही, हे तुमच्या "संपतच नाही" वरचं खरं औषध आहे. झाडावर आहे तोवर पान सगळ्यात ताजं, फ्रीज त्याच्यापुढे काहीच नाही. पुदिना, तुळस, बेसिल पण आठवड्याला शेंडे खुडत राहा, जोडपानाच्या जरा वर कापलं की तिथूनच दोन फांद्या निघतात. फुलं येऊ देऊ नका, फुलावर आलं की पानांचा वास उतरतो. कोथिंबीर उन्हाने उभी वाढून फुलावर गेलीच तर मात्र कापू नका, नंतर येणारे हिरवे कोवळे धने चटणीत वाटा, एकदा खाल्लेत की दरवर्षी चार झाडं मुद्दाम फुलावर सोडाल.

कोथिंबीर एकदम निघालीच तर वड्यांची उंडी वाफवून गार करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, पाहुणे आले की कापून तळायची. नाहीतर हिरवं वाटण, म्हणजे कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण, मीठ, बर्फाच्या ट्रेमध्ये. एक क्यूब म्हणजे एक भाजी. काड्या फेकू नका, कोवळ्या काड्यांत पानापेक्षा जास्त वास असतो, त्या वाटणात नाहीतर आमटीत सुरुवातीला घाला, पानं गॅस बंद केल्यावर. पुदिन्याचंही तसंच. हिरवी चटणी काळी पडते म्हणून लोक वैतागतात, तर वाटताना दोन बर्फाचे खडे आणि सुरुवातीलाच लिंबू, मिक्सर थांबून थांबून फिरवायचा, भांडं गरम होता कामा नये. थोडं डाळं घातलं तर पाणी सुटत नाही.

बेसिलची गंमत अशी की ते आणि आपली तुळस एकाच कुळातली, दोघींना थंडी अजिबात चालत नाही. फ्रीजमध्ये ती काळी पडली कारण तिला गारठा बाधला, तुम्ही काही वाईट केलं नाहीत. फुलांसारखी ग्लासातल्या पाण्यात ओट्यावर ठेवा, उन्हापासून लांब, चारपाच दिवस मस्त राहते, कधीकधी मुळं फुटतात, मग ती लावून टाका. जास्त असेल तर काजू, तेल, मीठ घालून वाटा (मूळ इटालियन चटणीत पाइन नट्स असतात, पण त्यांच्या भावात घरातले सगळे जेवतील, काजू घ्या) आणि क्यूब करून फ्रीजरमध्ये. लसूण खायच्या वेळी किसून घाला. आणि झाड फुलावर जाऊन बी धरलं तर ते फेकू नका, आपला सब्जा याच जातीच्या झाडाचं बी आहे, पाण्यात टाकून बघा, फुगेल.

तुळशीबद्दल घरोघरी वेगळे नियम असतात, कोणी द्वादशीला तोडत नाही, कोणी रविवारी, तिन्हीसांजेनंतर तर बहुतेक कोणीच नाही, तर पूजेचं वृंदावन सासूबाईंचं, आणि चहा-काढ्यासाठी एक वेगळी कुंडी तुमची, म्हणजे तिच्या मंजिऱ्या हव्या तेव्हा खुडता येतील आणि घरात शांतता.

ओव्याची पानं वाळवायला घेतलीत हे वाचून हसले. ते पान म्हणजे जवळजवळ पाणीच, ना धड वाळतं ना फ्रीजरमध्ये धड राहतं. याला झाडावरच ठेवायचं आणि लागेल तेव्हा तोडायचं. (खऱ्या ओव्याचं झाड वेगळंच असतं, याला नुसता वास तसा.) बेसनात थोडी तांदळाची पिठी आणि तीळ घालून भजी तर सगळेच करतात, पण चारपाच पानं बारीक चिरून तुपात जिऱ्याबरोबर परता, गार झाली की दह्यात मीठ-साखर घालून मिसळा, भाताबरोबर खा. दुपारचं जेवण होतं त्यावर. सर्दीला रस मधातून देतात तो मात्र एक वर्षाखालच्या बाळाला नको, मधातही तोच बोटुलिनमचा बीजाणू असू शकतो आणि तान्ह्यांच्या पोटात तो वाढतो. मोठ्यांना काही नाही.

हळदीचा विचार आत्ताच करा, कारण डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून वाळतील आणि मग खालची हळद काढायची. आत्ता हिरवी आहेत तोवर मोठी पानं पुसून, मधली शीर बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा, पिशवीत घालून फ्रीजर. बाहेर काढल्यावर मऊ पडतात, पातोळ्यांना दिसायला तेवढी छान नाहीत, पण मोदकपात्रात मोदकांच्या खाली घातली तर वास पुरेपूर देतात. तूप कढवताना पण एक तुकडा घालून बघा, विड्याचं पान घालतात तसा.

रोजमेरीला वाळवण्यापलीकडे काही करू नका. ती दमट हवेत मरत नाही हेच खूप आहे, पाणी कमी घाला, आणि एक काडी उकडलेल्या बटाट्यांबरोबर लोण्यात परता.

राहिली न्यू जर्सी. कढीपत्ता नेऊ नका. अमेरिकेत तो आणू देत नाहीत, कारण संत्र्या-लिंबाच्या बागांना जो रोग मारतो तो पसरवणारा किडा या झाडावर राहतो, आणि फ्लोरिडाच्या संत्र्यांचं त्या रोगाने फार नुकसान झालंय, त्यामुळे याबाबतीत ते लोक ऐकत नाहीत. वाळवून, पिशवीत लपवून, फराळाच्या डब्याखाली घालून, काही नको, सापडलं आणि डिक्लेअर केलेलं नसलं तर दंड होतो आणि तुमचा अख्खा डबा उघडून बसतात. लेकीला तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता मिळतो, न्यू जर्सीत तर नक्कीच मिळेल. तुम्ही तिच्यासाठी वाळवलेला पुदिना घातलेला तो ताकाचा मसाला न्या, सीलबंद पाकिटात, वर काय आहे ते इंग्लिशमध्ये लिहून, आणि तिथल्या कस्टमवाल्यांनी खाण्याचे पदार्थ आहेत का विचारलं की हो म्हणा. कढीपत्त्याची चटणी तिच्या घरी जाऊन तिथल्या पानांची करा, तीळ-खोबरं तिथेही मिळतं, कढई तेवढी लोखंडी आहे का ते विचारून घ्या.